मलावीचा उपासमारीचा हंगाम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या बालकुपोषणावर लेख होता. नोव्हेंबर ते एप्रिल एकच पावसाळा, मक्यावर चालणारं घर, नवं पीक यायच्या आधीचे तीन-चार महिने रिकामी कणगी आणि त्याच महिन्यांत दवाखान्यात वाढणारी वाळलेली, सुजलेली मुलं, असा त्याचा विषय. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी भागातून भरपूर पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मलावीतही आमच्यासारखाच तंबाखू पिकतो आणि परदेशी जातो, असं लेखात वाचलं. डॉलर आणणारं पीक असताना तिथली मुलं उपाशी का?
— तंबाखू उत्पादक, निपाणी

पैसा कोणत्या महिन्यात हाती येतो आणि पोट कोणत्या महिन्यात रिकामं असतं, हे शेजारी शेजारी मांडलं की उत्तराचा मोठा भाग कळतो.

मलावीचा तंबाखू मुख्यतः बर्ले जातीचा, सिगारेटीसाठी लागणारा. पाऊस सुरू झाला की रोपं शेतात जातात, पानं तोडून गवताने शाकारलेल्या मांडवात वाऱ्यावर वाळवतात, आणि एप्रिलपासून लिलाव सुरू होतात. नेमका त्याच सुमारास मक्याचाही सुगीचा काळ असतो. बाजारात मका स्वस्त, हातात पैसा. पण खताची उधारी कापून जाते, घरावरचं गवत, कपडे, शाळा, आजारपण यांत उरलेला जातो. डिसेंबर उजाडेपर्यंत पैसाही संपतो आणि कणगीही. जानेवारीत मका विकत घ्यायचा तर सुगीच्या भावापेक्षा कितीतरी महाग, वाईट वर्षी दुपटीच्याही वर.

मग घरातली धडधाकट माणसं 'गान्यु'ला जातात. गान्यु म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजंदारी, मोबदला रोख किंवा पीठ. इथेच खरी गोम आहे. जानेवारी-फेब्रुवारी हेच स्वतःच्या मक्याच्या खुरपणीचे दिवस. आज संध्याकाळी चूल पेटावी म्हणून दुसऱ्याचं शेत खुरपायचं आणि आपल्या शेतात तण माजू द्यायचं. पीक कमी येतं, आणि पुढच्या वर्षी कणगी आणखी महिनाभर आधी रिकामी होते. काही घरं कणीस भरायच्या आत हिरवा मका तोडून खातात, तेही पुढच्या धान्यातूनच वजा होतं. हे चक्र एकदा लागलं की आळशीपणाचा काही संबंध नसताना माणूस दरवर्षी एकेक पायरी खाली जातो.

जमीनही थोडी. बहुतेक कुटुंबांकडे एक हेक्टरहून, म्हणजे अडीच एकरांहून कमी. त्यातला तुकडा तंबाखूला दिला की मक्याला, शेंगेला, कडधान्याला उरतं किती? १९९० पर्यंत तर लहान शेतकऱ्याला बर्ले लावण्याची कायद्याने मुभाच नव्हती. तो मोठ्या इस्टेटींचा मक्ता होता आणि त्यांवर कुळं राबायची. कुळाला हंगामभर मका उचल म्हणून मिळायचा, हिशोब शेवटी व्हायचा, आणि उचल वजा जाता हाती फार थोडं उरायचं. ही कूळपद्धत मलावीने कायदा करून बंद केली ती २०२१ मध्ये. खरेदीदार मोजक्या परदेशी कंपन्या. पानाची प्रत आणि भाव ठरताना उत्पादकाचा आवाज कसा दबतो, हे तंबाखू उत्पादकांचं १९८१ चं आंदोलन पाहिलेल्या निपाणीला आम्ही काय सांगणार!

या सगळ्याचा मुलाशी धागा असा. आई पहाटे गान्युला जाते, आठ-दहा महिन्यांचं पोर सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे राहतं. दिवसातून दोनदा पातळ पेज मिळते. हेच पावसाचे महिने हिवतापाचे आणि जुलाबाचे. कमी अन्न, कमी लक्ष आणि जास्त आजार हे तिन्ही घाव एकदम बसतात. म्हणून मलावीत कुपोषणाच्या वॉर्डात गर्दी होते ती जानेवारी ते मार्चमध्ये.

उपासमारीच्या फोटोत काही मुलांचे पाय आणि गाल फुगलेले दिसतात. उपाशी मूल सुजेल कसं? विद्यार्थ्यांना समजावताना आम्हीच अडतो.
— शिक्षिका, शहापूर, बेळगाव

तीव्र कुपोषणाची दोन रूपं आहेत. एकात मूल नुसतं हाडं-कातडं उरतं, चेहरा म्हाताऱ्यासारखा होतो. दुसऱ्यात दोन्ही पावलांवर सूज येते, ती वर चढते, केस तांबूस-विरळ होऊन सहज उपटून येतात, कातडी जुन्या रंगाच्या पापुद्र्यासारखी सुटते, आणि मूल चिडचिडं, कशातच मन न रमणारं होतं. या दुसऱ्याचं नाव क्वाशिओर्कर. घानातल्या गा भाषेतला हा शब्द सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात वैद्यकात आणला. अर्थ साधारण असा, की पाठचं भावंड आलं आणि अंगावरून सुटलं, त्या मुलाचा आजार. गावातल्या बायकांनी कारण ओळखलेलंच होतं.

पाठ्यपुस्तकात 'प्रथिनं कमी पडली की सूज' असं लिहिलेलं असतं. ते अपुरं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं, की सुजणारी मुलं आणि वाळणारी मुलं यांच्या आहारात असा स्पष्ट फरक सापडत नाही. मलावीतच ३१७ जुळ्यांच्या जोड्यांवर जन्मापासून तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं (अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला). एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या जोडीतलं एक मूल सुजायचं, दुसरं ठीक राहायचं. आतड्यातल्या जिवाणूंचा यात हात आहे असं त्यातून दिसलं. सगळं कोडं अजून सुटलेलं नाही.

वर्गात सांगायची महत्त्वाची गोष्ट अशी: सुजलेल्या मुलाचं वजन काट्यावर चांगलं भरतं, कारण ते पाण्याचं वजन असतं. म्हणून नुसत्या काट्यावर भरवसा ठेवला की सगळ्यात धोक्यातलं मूल 'ठीक' म्हणून घरी पाठवलं जातं. तपासणी एका मिनिटाची. दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा. उचलल्यावर दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर तीव्र कुपोषण धरायचं, वजन काहीही असो. एकाच पायावर सूज असेल तर कारण बहुधा दुसरं असतं.

आपल्यापेक्षा मलावी किती वाईट अवस्थेत आहे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, खानापूर

आकडे पाहून बऱ्याच जणांना धक्का बसेल. वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं मलावीत २०१५-१६ च्या पाहणीत ३७ टक्के होती. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३५.५ टक्के, कर्नाटकात ३५.४. म्हणजे जवळपास सारखंच. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे रोडावलेली मुलं मात्र मलावीत ३ टक्क्यांच्या आसपास, भारतात १९.३ आणि कर्नाटकात १९.५ टक्के.

दरडोई उत्पन्नात मलावी आपल्या कितीतरी मागे आहे, तरी असं. एक मोठं कारण आईत आहे. आपल्याकडे १८.७ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा बारीक आहेत, मलावीत हे प्रमाण बरंच कमी. आई रोड, गरोदरपणात वजन वाढत नाही, बाळ जन्मतःच कमी वजनाचं, आणि ते मागून भरून निघणं अवघड. दुसरीकडे, मलावीत सुजेचा प्रकार जास्त आहे, तो वजन-उंचीच्या आकड्यात पूर्ण पकडला जात नाही. पण मलावीकडे दयेने पाहण्याआधी आपल्या अंगणवाडीचं रजिस्टर एकदा चाळावं, असं आम्हाला कळकळीने वाटतं.

मक्याच्या पातळ पेजेमुळे पोर वाळतं असं लेखात होतं. आम्ही नऊ महिन्यांच्या नातवाला नाचणीची आंबील देतो. तीही पातळच असते. चुकतंय का?
— गृहिणी, जांबोटी

नाचणी उत्तम आहे. चूक पातळपणात आहे, आणि मलावीत होते तीच आहे.

मुलाच्या पोटाची वाटी लहान असते. एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलीलिटर मावतं. आठ किलोच्या बाळाला म्हणजे २४० मिलीलिटर, एक मोठी वाटी. नुसत्या पिठाची पातळ पेज मिलीलिटरला जेमतेम ०.४ कॅलरी देते. अख्खी वाटी पाजली तरी ९६ कॅलरीच. अंगावरच्या दुधाशिवाय नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे ३०० कॅलरी हव्यात, वर्षानंतर ५५०. दोन वेळा पातळ पेज दिली तर पोट टम्म दिसतं, बाळ झोपतं, घरच्यांना वाटतं पोट भरलं. महिन्याने वजनाचा आलेख आडवा होतो.

मलावीत यावर जी लापशी शिकवतात तिला 'लिकुनी फाला' म्हणतात. मक्याचं पीठ ४ वाटे, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ १ वाटा. त्यात कुटलेला शेंगदाणा घातला की आणखी चांगलं. आपल्याकडे तेच असं करता येईल: नाचणीचं पीठ ३ मोठे चमचे, भाजून अगदी बारीक कुटलेले शेंगदाणे १ मोठा चमचा, एक लहान चमचा तेल किंवा तूप, थोडा गूळ. लहान चमचाभर तेलातच ४० कॅलरी असतात. लापशी एवढी दाट हवी की चमचा तिरका केल्यावर ती ओघळून न जाता सावकाश सुटावी. अख्खा किंवा अर्धवट कुटलेला दाणा या वयात कधीही देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो.

दाट केली तर बाळ गिळत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय आपल्या घरातच आहे. मोड आणून, सावलीत वाळवून, हलकं भाजून दळलेल्या नाचणीचं पीठ, म्हणजे नाचणीचं सत्त्व. दाट लापशी चुलीवरून उतरवून जराशी निवू द्यायची, पण चांगली गरम असताना त्यात या पिठाचा एक लहान चमचा ढवळायचा. मोडातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) पिष्ट तुटतं आणि पाणी न घालता दोन-चार मिनिटांत लापशी सैल होते. मग एक उकळी काढायची. आधीच उकळत्या लापशीत घातलं तर विकर मरतं आणि काहीच होत नाही. मोडांना बुरशीचा किंवा कुबट वास आला तर ते सगळे फेकून द्या, निवडत बसू नका.

दंडघेर पट्टी आम्हालाही दिली आहे, पण एकाच मुलाचं माप दोघी जणी घेतो तर वेगवेगळं येतं. आफ्रिकेत म्हणे आयाच मापतात. त्यांना जमतं कसं?
— अंगणवाडी कार्यकर्ती, चिकोडी तालुका

जमतं, कारण त्यांना थोडकंच पण नेमकं शिकवलं जातं. नायजरच्या झिंदर भागात आयांना रंगीत पट्टी देऊन हे करून पाहिलं. त्यांनी घेतलेलं माप आरोग्य कार्यकर्त्यांइतकंच विश्वासाचं निघालं, आणि मुलं लवकर, जास्त खालावण्याआधी सापडली. आठवड्यातून एकदा पोराच्या दंडाला हात लावणारी आई महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाच्या कायम पुढे असते.

पट्टी ६ महिने पूर्ण ते ५ वर्षांच्या आतल्या मुलासाठी. ११.५ सेंटीमीटरच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण (सॅम). ११.५ ते १२.५ च्या आत पिवळा, म्हणजे मध्यम (मॅम). पुढे हिरवा.

माप असं घ्या. डावा हात, बाही पूर्ण वर किंवा काढलेली. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध पेनाने खूण. मग हात सरळ खाली सैल सोडायला लावायचा, आणि खुणेवर पट्टी गुंडाळायची. पट्टी कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण कातडी दबून पट्टीच्या कडेला वळ उठता कामा नये. वाचन ०.१ सेंटीमीटरपर्यंत.

तुमच्या दोघींच्या मापात फरक येतो तो बहुधा ओढण्यामुळे. रडणारं मूल हात आवळतं, स्नायू फुगतो, माप ३-४ मिलीमीटरने वाढतं. मापणारी घाईत पट्टी आवळते, तेवढंच कमी होतं. ११.५ च्या काठावरच्या मुलासाठी ३ मिलीमीटर म्हणजे लाल की पिवळा, उपचार की घरी परत. मूल आईच्या मांडीवर शांत झाल्यावर दोनदा मापा; दोन मापांत २ मिलीमीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. जुनी, मुडपलेली, ताणलेली पट्टी बदलून मागा. सुजेचा खळगा मात्र प्रत्येक वेळी तपासा, पट्टी हिरवी दाखवत असली तरी.

आणखी एक. वजन-उंचीने सापडणारी मुलं आणि दंडघेराने सापडणारी मुलं पूर्ण तीच नसतात. 'ॲपमध्ये सॅम दाखवत नाही' म्हणून लाल पट्टीचं मूल सोडू नका.

मलावीत शेंगदाण्याच्या पेस्टने मुलं घरीच बरी होतात असं वाचलं. आमच्या भागात शेंग भरपूर. आमच्या महिला बचत गटाला ती करता येईल का? प्रमाण द्यावं.
— बचत गटाच्या सदस्या, बैलहोंगल

प्रमाण देतो, आणि अडचणीही सगळ्या सांगतो.

ही पेस्ट फ्रान्समध्ये १९९६ मध्ये आंद्रे ब्रियाँ आणि मिशेल लेस्कान यांनी तयार केली. तोवर तीव्र कुपोषित मुलाला वॉर्डात कित्येक आठवडे ठेवून पावडरीचं दूध द्यावं लागे. ते दूध पाण्यात कालवायचं, म्हणजे पाणी दूषित असेल तर दूधच विष. आणि आई महिनाभर दवाखान्यात अडकली तर गान्यु कोण करणार, मागच्या पोरांना कोण पाहणार? पेस्टमध्ये पाणीच नाही, म्हणून पाकीट फोडल्यावरही ती सहज नासत नाही, शिजवायची नाही, मूल स्वतः चोखून खाऊ शकतं. मलावीत २००१ पासून ब्लँटायर भागात मार्क मॅनरी आणि सहकाऱ्यांनी ती घरी देऊन पाहिली, इथिओपियात २००० मध्ये स्टीव्ह कॉलिन्स यांनी गावपातळीवरचा उपचार सुरू केला, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने तो एकत्रितपणे मान्य केला.

१० किलोच्या घाण्याचं मूळ प्रमाण: दुधाची पावडर (साय न काढलेली) ३ किलो, पिठीसाखर २.८ किलो, भाजून सोललेल्या शेंगदाण्याची पेस्ट २.५ किलो, तेल १.५ किलो, आणि जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण १६० ग्रॅम. तेल आणि शेंगदाण्याची पेस्ट कोमट करून आधी एकजीव, मग ढवळता ढवळता कोरड्या वस्तू. ९२ ग्रॅमचं एक पाकीट ५०० कॅलरींचं. सात किलोच्या मुलाला दिवसाला अडीच ते तीन पाकिटं, सहा ते आठ आठवडे. १५० पाकिटांचं एक खोकं म्हणजे साधारण एका मुलाचा पूर्ण उपचार.

आता कुठे बिघडतं ते पाहा. साखर आणि पावडर मैद्याहून भरड राहिली, म्हणजे कण ०.२ मिलीमीटरहून मोठे राहिले, तर चार दिवसांत तेल वर आणि गाळ खाली. वरचं खाणाऱ्याला नुसतं तेल मिळतं. १६० ग्रॅमचं खनिज मिश्रण १० किलोत हाताने सारखं पसरत नाही. एका पाकिटात तिप्पट, दुसऱ्यात शून्य. ओला चमचा, ओलं भांडं, धुऊन पूर्ण न वाळलेला मिक्सर, यातून आलेलं थोडंसं पाणीसुद्धा जिवाणूंना पुरतं. कच्च्या दाण्याची जागा आणि भाजल्यानंतरची जागा वेगळी नसेल तर भाजण्याचा उपयोग वाया.

सगळ्यात मोठा शत्रू अफलाटॉक्सिन. शेंगेवर वाढणाऱ्या बुरशीचं हे विष यकृतावर घाला घालतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. पेस्टमध्ये त्याची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम. मलावीत ते वाढण्याचं एक साधं कारण आहे: हाताने शेंग फोडणं सोपं जावं म्हणून बायका शेंगा पाण्यात भिजवून मऊ करतात. बोटं वाचतात, पण दाण्यात ओल शिरते आणि पोत्यात बुरशी धरते. तिथे आता शेंगा आतल्या बाजूला आणि पाला बाहेर अशी पोकळ गोल रास रचून सावलीत वाळवायला शिकवतात, आणि फोडायला हातयंत्रं देतात. आपल्याकडेही काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला की हाच धोका. सुरकुतलेला, काळपट, फुटका, हिरवट पावडर धरलेला दाणा वेचून काढला की विषाचा बराच भाग निघतो. असला वेचलेला दाणा चटणीलाही नको आणि जनावरालाही नको.

तेव्हा आमचं स्पष्ट मत: दाणे, गूळ, दूध पावडर यांचं पौष्टिक खाणं गटाने जरूर करावं, अंगणवाडीतल्या साध्या मुलांना ते चांगलंच आहे. पण खनिज मिश्रण आणि प्रयोगशाळेची तपासणी नसलेल्या पेस्टला तीव्र कुपोषणाचं औषध म्हणू नये. अशा मुलाच्या अंगातलं पोटॅशियम, झिंक, मॅग्नेशियम तळाला गेलेलं असतं. नुसत्या कॅलरी दिल्या तर वजन वाढतं आणि मूल तरी दगावू शकतं. शिवाय भारत सरकारने २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं की या पेस्टच्या वापराला पुरेसा आधार दिसत नाही, म्हणून आपल्याकडे तिचा मार्ग मलावीसारखा मोकळा नाही. लाल पट्टीच्या मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं.

मलावीतही पेस्ट घरी गेल्यावर सगळं सुरळीत होतं असं नाही. चार भावंडं समोर बसलेली असताना आई एकालाच पाकीट कसं देईल? वाटून खाल्लं जातं, आणि आजारी मूल आठवड्याच्या तपासणीत जागचं हलत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी घरासाठी वेगळं पीठही देतात. पेस्ट पेजेत मिसळू नये, आधी अंगावर पाजावं मग पेस्ट, आणि सोबत उकळून गार केलेलं पाणी भरपूर द्यावं, या तीन गोष्टी आईला स्वतःच्या तोंडाने म्हणायला लावतात. पेस्टमध्ये पाणी नसल्याने तहान खूप लागते. ती न ओळखता 'पोर रडतं, औषध बाधतंय' म्हणून बंद करणाऱ्या आया असतात. आणि पहिल्या दिवशी केंद्रातच मुलाला पेस्ट खायला देऊन पाहतात. भूक नसलेलं मूल घरी पाठवायचं नाही, ते वॉर्डात.

मुलगी परिचारिका आहे, मलावीत ब्लँटायरला कामाला जात आहे. कुपोषणाच्या वॉर्डात सुरुवातीला काय वेगळं असतं?
— पालक, टिळकवाडी, बेळगाव

तिथल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलातल्या या वॉर्डाला 'मोयो' म्हणतात, चिचेवा भाषेत मोयो म्हणजे जीव. तिला एवढं सांगा, की पहिल्या दोन दिवसांत मुलं भुकेपेक्षा आपल्या घाईने जास्त दगावतात.

वाळलेल्या मुलाचं हृदय अशक्त असतं. जुलाब दिसले की सलाईन लावायची सवय इथे मोडावी लागते. शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेलं असेल तरच सलाईन. एरवी कमी मिठाचं, जास्त पोटॅशियमचं खास द्रावण (रिसोमाल) किलोमागे ५ मिलीलिटर दर अर्ध्या तासाला, पहिले दोन तास. नाडी मिनिटाला २५ नी आणि श्वास ५ नी वाढला तर लगेच थांबवायचं. सूज उतरवायला लघवीचं औषध नाही. लोह पहिल्या टप्प्यात नाही, जंतुसंसर्ग बळावतो. मूल सुस्त आणि गार असेल तर रक्तातली साखर ५४ च्या खाली गेली असं धरून १० टक्के साखरेचं पाणी ५० मिलीलिटर, आणि आईच्या छातीशी धरून पांघरूण. प्रतिजैविक सगळ्यांना, ताप नसला तरी. अंगात जोर नसल्याने ताप येतच नाही. एचआयव्ही आणि हिवतापाची तपासणीही होते.

सुरुवातीचं दूध एफ-७५. किलोला दिवसाला १३० मिलीलिटर, खूप सूज असेल तर १००. सहा किलोच्या मुलाला ७८०, म्हणजे दर दोन तासांनी ६५ मिलीलिटर, रात्रीही. रात्री दोनचा आणि चारचा घोट चुकला की पहाटे साखर उतरते. तयार पाकीट संपलं तर वॉर्डात असं करतात: साय काढलेल्या दुधाची पावडर २५ ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, धान्याचं पीठ ३५ ग्रॅम, तेल ३० मिलीलिटर, खनिज द्रावण २० मिलीलिटर. पीठ चार मिनिटं शिजवायचं, आणि सगळं मिळून एक लिटर होईल इतकंच पाणी घालायचं. नेमकी इथे हमखास चूक होते: लोक एक लिटर पाणी मोजून त्यात सगळं टाकतात. दूध सुमारे १५ टक्के पातळ होतं, आणि वजन का वाढत नाही म्हणून वॉर्ड भलतीकडेच शोधत बसतो. भांड्यावर एक लिटरची रेघ मारून ठेवणं हा यावरचा स्वस्त उपाय. भूक परत आली, सूज उतरू लागली, की एफ-१०० हे पुढच्या टप्प्याचं दूध किंवा पेस्ट, तेही हळूहळू. वॉर्डाच्या भिंतीवरचा लेखी तक्ता शेवटचा मानावा.

दूध पावडरीचे डबे गोळा करून आफ्रिकेला पाठवता येतील का?
— युवक मंडळ, अथणी

पाठवू नका. डब्यातलं दूध गावात बाटलीने, न उकळलेल्या पाण्यात, पुरवायला म्हणून पातळ करून दिलं जातं, आणि अंगावर पाजणं मागे पडतं. दुधाच्या डब्यांच्या प्रचाराला आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ मध्ये झाली ती याच अनुभवातून. मदत करायचीच तर पैशाने. पेस्ट मलावीतच, तिथल्या शेतकऱ्याची शेंग घेऊन तयार होते.

मलावीसारखा उपासमारीचा हंगाम आपल्या भागात आहे का?
— साखर कारखाना परिसरातील शिक्षक, रायबाग

आहे, फक्त तो गावाच्या बाहेर, पालावर असतो. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात. आई पहाटे तीन-चारला फडात जाते, तान्हं पालावर मोठ्या भावंडाकडे. आठ महिन्यांच्या बाळाला सकाळची भाकरी पाण्यात कुस्करून मिळते. जुलाब झाले तर जवळ दवाखाना नाही. गान्युच्या आईचं आणि या आईचं दुखणं एकच.

मलावीत उपासमारीचा हंगाम सुरू होण्याआधी मापं घेतात, म्हणजे घसरण दिसते. तसंच इथे करा. टोळी आल्याच्या पहिल्या आठवड्यात पालावर जाऊन सगळ्या पाच वर्षांखालच्या मुलांचा दंडघेर घ्या, जानेवारीत पुन्हा, आणि पट्टा पडण्याच्या, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपण्याच्या, महिनाभर आधी तिसऱ्यांदा. शेवटच्या दिवशी मापून उपयोग नाही, तोवर टोळी निघून जाते. लाल दिसेल ते मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. पालाजवळच्या अंगणवाडीत मुलांची नावं घालून घ्या, स्थलांतरित मुलालाही तिथला आहार मिळतो. आणि प्रत्येक आईकडे एक जाड कागद द्या: मुलाचं नाव, तारीख, दंडघेर, सूज आहे की नाही. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडात. टोळी बीडची असो वा विजयपूरची, पुढच्या गावच्या कार्यकर्तीला तो वाचता आला पाहिजे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, पालात ओल असते.